डोळ्यांपुढचे किडे आणि अंगातली मरगळ: काही संबंध असतो का?

रिकामी_ओंजळ

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

गेले दीड-दोन महिने अंगात मरगळ आहे. ताप नाही, सर्दी नाही, नेमकं दुखत असं काही नाही. घड्याळाच्या हिशेबाने झोप पूर्ण होते, पण उठल्यावर वाटतं की रात्रभर कुणाचं तरी सामान वाहत होते. हे एक झालं. त्याच सुमाराला नजरेचे चाळे सुरू झालेत. पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की पारदर्शक धागे आणि किडे तरंगताना दिसतात, नीट बघायला जावं तर पळतात. उजवी खालची पापणी दिवसातून दहादा लवते आणि आरशासमोर गेलं की साळसूदपणे गप्प बसते. दिवा मालवल्यावर काळोख काळा दिसतच नाही, राखाडी रवाळ खदखद दिसते. भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदम पाहिलं तर सेकंदकाटा क्षणभर थांबलेला असतो, मग भानावर आल्यासारखा चालू लागतो. वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

आणि रंग. हे कसं सांगावं कळत नाही. सगळं दिसतं नीट, पण दोनशे वेळा धुतल्यासारखं.

नवरा म्हणतो, "हे सगळ्यांनाच दिसतं, तू लक्ष देत बसतेस." असेलही. म्हणून विचारते: थकव्यामुळे हे दिसायला लागतं, की आधीपासून होतंच आणि थकल्यामुळे आता जाणवतंय? तुम्हाला काय काय दिसतं?

चष्मिष

पहिला नंबर माझा!

किडे माझ्याकडे पंधरा वर्षांपासून आहेत. डाव्या डोळ्यात एक प्रश्नचिन्हासारखा आहे, तो लांबलचक मीटिंगमध्ये पडद्यावरच्या आलेखांवरून फिरतो. बोलणाऱ्यापेक्षा त्याचं म्हणणं जास्त मुद्देसूद असतं.

तिरकस

धागे दिसतात म्हणून धागा. आता धाग्याला फाटे फुटणार. बसतो बघत.

डॉ_निवांत

ओंजळताई, मी नेत्रतज्ज्ञ नाही, साधा फॅमिली डॉक्टर आहे, पण किड्यांबद्दल सांगू शकतो.

डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा द्राव असतो, त्यात सुमारे ९९ टक्के पाणीच. उरलेल्यात कोलॅजनचे अतिसूक्ष्म तंतू असतात. वय वाढतं तशी ही जेली पातळ होते, तंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. तुम्ही किडा बघत नसता, किड्याची सावली बघत असता. पकडायला डोळा हलवला की जेलीही हलते आणि डोळा थांबल्यावरही जराशी हेलकावत राहते, म्हणून तो पळाल्यासारखा वाटतो. मायनस नंबर मोठा असलेल्यांना हे लवकर दिसतं.

आता एक गंभीर गोष्ट. किडे एकदम झुंडीने आले, सोबत कडेला विजेसारखे लखलखाट दिसले किंवा नजरेच्या एका बाजूने पडदा सरकत आल्यासारखं वाटलं, तर दृष्टिपटल फाटत किंवा सुटत असण्याची शक्यता असते. अशा वेळी धागा काढू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. जुने, ओळखीचे, एकदोन किडे निरुपद्रवी.

पापणी लवण्याला मायोकिमिया म्हणतात. कमी झोप, ताण, कॅफीन ही नेहमीची कारणं. बहुतेक वेळा आपोआप थांबते. आरशात दिसत नाही कारण हालचाल फारच बारीक असते, तुम्हाला मात्र भूकंप वाटतो.

अंधारीबद्दल नंतर लिहितो, पेशंट आलाय.

सांजवेळ

किड्यांपेक्षा भारी गोष्ट सांगू? निरभ्र निळ्या आकाशाकडे (सूर्याच्या विरुद्ध बाजूला, प्लीज) अर्धा मिनिट शांतपणे बघा. बारीक चमकदार ठिपके शेपटी हलवत वेडेवाकडे धावताना दिसतील. किडे संथ असतात, हे चपळ. एका ठिकाणी उगवतात, वळसा घेतात, नाहीसे होतात.

मी लहानपणी समजायचे की हवा दिसतेय. बरीच मोठी होईपर्यंत समजत होते!

अधांतरी

@सांजवेळ, अगं हो! मी तर कॉलेजात एकाला हे सांगितलं तेव्हा तो चार दिवस माझ्याशी जपून बोलत होता. काय असतं ते?

सांजवेळ

@अधांतरी, तुझ्याच पांढऱ्या रक्तपेशी.

दृष्टिपटलाच्या केशवाहिन्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढे असतात, म्हणजे प्रकाशाच्या वाटेतच. लाल पेशी निळा प्रकाश शोषतात, पांढऱ्या पेशी शोषत नाहीत. त्यामुळे बारीक वाहिनीतून एखादी पांढरी पेशी जाताना तेवढ्यापुरती फट पडते आणि निळा प्रकाश आत येतो. तो धावणारा ठिपका. नाडीच्या ठोक्याबरोबर त्यांचा वेग जरासा कमीजास्त होतो, बोट मनगटावर ठेवून बघ.

तिरकस

म्हणजे मी आकाशाकडे बघतो तेव्हा मलाच बघतो. अध्यात्मवाल्यांना कळवा कुणीतरी.

मुंगूस

घड्याळाचा किस्सा माझा आवडता आहे, म्हणून सविस्तर.

आपण सेकंदाला साधारण तीन वेळा डोळे झटका देऊन हलवतो. त्या झटक्यात डोळ्यासमोरचं चित्र फराटा ओढल्यासारखं फिस्कटलेलं असतं, ते आपल्याला दिसू नये म्हणून मेंदू त्या वेळची आवक दाबून टाकतो. मग मधल्या वेळाचं काय? ती जागा रिकामी राहिलेली जाणवत नाही, कारण झटक्यानंतर जे पहिलं दिसतं तेच आधीपासून दिसत होतं असं मेंदू मागच्या तारखेने नोंदवतो. काट्यावर नजर पडते तेव्हा तो पहिला सेकंद असा मागे ताणला जातो आणि लांब वाटतो. २००१ मध्ये यॅरो आणि सहकाऱ्यांनी यावर छान प्रयोग केले होते. याला क्रोनोस्टॅसिस म्हणतात. थकव्याशी संबंध नाही, ताज्यातवान्या माणसालाही होतं.

घरी करायचा प्रयोग: आरशात आधी डाव्या डोळ्याकडे, मग उजव्या डोळ्याकडे बघा. स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला मात्र दिसतील. आता तेच मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करा. कॅमेऱ्याचं चित्र थोडं उशिरा येतं, त्यामुळे तिथे डोळे हलताना पकडले जातात.

चष्मिष

मुंगूस, सेल्फीवाला प्रकार केला. पाठीमागे बॉस उभा होता. पुढचे काही सेकंद खरोखरच थांबले होते.

उंबरठा

चष्मिष, हसून हसून पुरेवाट!

ओंजळताई, बाळ झाल्यावर पहिले तीन महिने मला नजरेच्या कोपऱ्यात काहीतरी पळताना दिसायचं. वळून बघावं तर काही नाही. खुर्चीवरचा टॉवेल तर रोज रात्री कुणीतरी बसलंय असाच दिसायचा. बाळ सलग झोपू लागलं तसं बंद झालं. त्यामुळे "थकव्यामुळे दिसतं" या बाजूला माझं एक मत.

आजोबा_७२

मंडळी, नमस्कार. रंग धुतल्यासारखे दिसण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. नावातला आकडा जन्मसालाचा नसून वयाचा आहे, तोही चार वर्षांपूर्वीचा.

मोतीबिंदूचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. एक डोळा झाकून भिंत पाहिली तर पांढरी स्वच्छ, किंचित निळसर. दुसऱ्याने पाहिली तर जुन्या पुस्तकाच्या पानासारखी पिवळट. भिंत एकच. मी सौ.ला म्हटलं, "ही भिंत पिवळी होती ना गं?" ती म्हणाली, "पंधरा वर्षं पांढरीच आहे." म्हणजे इतकी वर्षं मी पिवळ्या काचेतून जग बघत होतो आणि मला पत्ताच नव्हता, कारण भिंग पिवळं होतं ते हळूहळू, आणि मेंदू तेवढं रोज वजा करत राहतो. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनपर्यंत महिनाभर मी भिंतीपाशी उभा राहून आळीपाळीने डोळे झाकत असे. सुनेने मुलाला हळूच विचारलं, "बाबा ठीक आहेत ना?"

चित्रकार क्लोद मोने यांचंही १९२३ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्याआधीच्या वर्षांतली त्यांची काही चित्रं लाल-तपकिरीकडे झुकलेली आहेत. त्यांचं दुःख मला पट्टी काढल्यावर कळलं.

बाई, आपलं वय लिहिलं नाहीत, पण तरुण दिसता. तरी डोळे तपासून घ्या.

भिंगरी

आजोबा, काय सुंदर लिहिलंय! मी आत्ता उठून भिंतीपाशी जाऊन आले. माझा डावा डोळा जरा उबदार रंग दाखवतो, उजवा थंड. मोतीबिंदू नाही, वय २९. आता मलाही वेड लागणार.

डॉ_निवांत

@भिंगरी, दोन डोळ्यांत असा किंचित फरक खूप जणांना असतो. एका डोळ्यावर आधी उजेड पडत असेल तरी तात्पुरता होतो. अचानक एका डोळ्याला लाल रंग विटका दिसू लागला, डोळा हलवताना दुखला, तर मात्र दाखवा. ते वेगळं प्रकरण.

ओंजळताई, आता अंधारीबद्दल. तुमच्या यादीत हा एकच प्रकार मला नजरेचा चाळा वाटत नाही. उठताना रक्त पायांकडे उतरतं आणि शरीराने रक्तदाब पटकन सावरला नाही तर मेंदूचा व डोळ्याचा पुरवठा क्षणभर घटतो. पाणी कमी पिणं, रक्तक्षय, काही औषधं, बरीच कारणं असतात. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर ती नोंद घेण्यासारखी गोष्ट. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर. दोन महिन्यांची मरगळ ही रक्त तपासायला पुरेसं कारण आहे. किड्यांवर गप्पा खुशाल मारा, पण हे आधी करा.

आळशी_कासव

डॉक्टरांना मोदक.

माझा अनुभव वेगळाच. थकलो की मला घराचा जिना उंच दिसतो. जड वाटतो असं नाही म्हणत, खरोखर उभा दिसतो. यावर संशोधनही आहे. भल्ला आणि प्रॉफिट यांनी १९९९ मध्ये दाखवलं की पाठीवर जड पिशवी असलेल्या, दमलेल्या किंवा वयस्क लोकांना टेकडी जास्त चढाची वाटते. म्हणजे नजर नुसतं अंतर मोजत नाही, आपल्याला किती कष्ट पडणार तेही त्यात मिसळते. ओंजळताईंचं उत्तर यातच आहे की!

मुंगूस

@आळशी_कासव, थांब थांब. त्या प्रयोगाची पुढची गोष्ट सांगितली नाहीस. २००९ मध्ये डर्गिन आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, पण काही जणांना सांगितलं की पिशवीत मोजमापाची यंत्रं आहेत. झालं, पिशवीच्या वजनाचा परिणाम गायब. म्हणजे आधीच्या लोकांनी मनात ताडलं होतं की "पाठीवर ओझं दिलंय म्हणजे टेकडी उभी वाटायला हवी", आणि आकडा वाढवून सांगितला. दिसण्यात फरक पडला की सांगण्यात, हाच तर वाद आहे.

आळशी_कासव

वाद माहीत आहे, मिटलेला नाही एवढंही माहीत आहे. पण माझ्या पाठीवर कुणी पिशवी दिली नव्हती, आणि जिन्याला खूश करायचं मला कारण नाही.

तिरकस

कासवाला जिना उभा दिसला यात नवल ते काय?

आळशी_कासव

😂 हे येणार हे माहीत असूनच लिहिलं होतं.

काठावरची

मला लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितेच.

तीन वर्षांपूर्वी, महिनाअखेरीची कामं, आठवडाभर अपुरी झोप. वाचता वाचता एका शब्दाचं मधलं अक्षर दिसेना. डोळे चोळले. दुसऱ्या शब्दाचंही तसंच. तिथे काळा डाग नव्हता, तिथे काहीच नव्हतं, आणि "काहीच नाही" दिसणं म्हणजे काय हे मला आजही समजावता येत नाही. मग त्या रिकाम्या जागेच्या काठाला झिगझॅग रेघ आली, जुन्या किल्ल्याच्या तटासारखी दातेरी, लुकलुकणारी. ती हळूहळू पसरत बाहेरच्या बाजूला सरकली. डोळे मिटले तरी होती. मी एकटी होते. घरच्यांना फोन करायचा तर आकडे अर्धेच दिसत होते. पंचवीस मिनिटांनी सगळं आपोआप नाहीसं झालं, आणि डोकं अजिबात दुखलं नाही. म्हणून मला वाटलं की हा अर्धांगाचा झटका होता.

तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. अर्धशिशीचा ऑरा, म्हणजे अर्धशिशीत दिसणारे असे भास, डोकेदुखीशिवायचा. नंतर वाचताना कळलं की ह्यूबर्ट एअरी यांनी १८७० मध्येच स्वतःला दिसलेल्या अशा रेघांची चित्रं काढली होती. ती चित्रं पाहिली तेव्हा मी रडले, खरंच. दीडशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाने माझ्या डोक्यातलं हुबेहूब काढून ठेवलेलं. आणखी एक, मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅश्ली. हे गृहस्थ स्वतःचा ऑरा चालू असताना कागदावर त्याची हद्द आखत बसायचे. त्यावरून त्यांनी १९४१ मध्ये हिशेब मांडला की मेंदूच्या दृष्टीच्या भागावरून हा ऑरा घडवणारी लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने सरकते. पुढे लेआओ यांनी १९४४ मध्ये प्राण्यांच्या मेंदूत तशी संथ लाट नोंदवली.

माझ्यापुरतं सांगायचं तर झोप सलग बिघडली की ही बाई येते. महिनाअखेरीला मी आता झोपेला हात लावत नाही, काम अर्धं ठेवते.

अधांतरी

बाप रे. काठावरची, लिहिलंस ते बरं केलंस. माझ्या बहिणीला असंच होतं आणि घरी सगळे "चष्म्याचा नंबर वाढला असेल" म्हणतात. दाखवते तिला.

डॉ_निवांत

फार चांगला प्रतिसाद. एक भर: असं पहिल्यांदाच झालं तर स्वतःच "अर्धशिशी" असं नाव देऊन मोकळं होऊ नका, तपासून घ्या. आणि होत असताना एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही डोळ्यांनी तेच दिसत असेल तर उगम मेंदूत, एकाच डोळ्यात असेल तर डोळ्यातला किंवा त्याच्या रक्तपुरवठ्यातला बिघाड असू शकतो, ते तातडीचं. बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले तर वाट बघायचीच नाही.

चष्मिष

वातावरण जड झालं म्हणून एक प्रयोग. मंद उजेडात आरशासमोर उभं राहून स्वतःच्या चेहऱ्याकडे टक लावून बघा. इटलीतल्या कापुतो यांनी २०१० मध्ये यावर लिहिलंय: मिनिटभरातच लोकांना चेहरा वाकडा होताना, अनोळखी माणसं, कधी प्राणी दिसायला लागतात. मी काल केलं. चाळीस सेकंदांत माझ्या जागी माझे काका आले. काकांनी माझ्याकडे नेहमीसारखंच नापसंतीने पाहिलं.

भिंगरी

मी हे आज रात्री अजिबात करणार नाही.

भिंगरी

केलं. दिवे लावून बसलेय. झोप कोण आणून देणार आता?

शून्यमनस्क

सगळे प्रतिसाद वाचले. ताईंच्या धाग्यातलं रंगांबद्दलचं वाक्य मला अडलं: दोनशे वेळा धुतल्यासारखं. त्यावर फारसं कुणी बोललं नाही, म्हणून मी.

मला नैराश्य होतं तेव्हा मीही अगदी असंच सांगायचो. डॉक्टरांना वाटायचं उपमा देतोय. उपमा नव्हती. संध्याकाळचं आकाश भडक आहे हे मला कळत होतं, जसं एखाद्या यादीत "आकाश: केशरी" असं लिहिलेलं असावं. फ्रायबुर्गमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद मोजला होता. काळ्या-पांढऱ्या चौकटींमधला फरक वाढवत नेला की निरोगी डोळ्याचा प्रतिसाद जसा वाढतो, तसा नैराश्य असलेल्यांत तेवढा वाढत नव्हता. डोळ्यातच, मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच. एका अभ्यासावर मी इमला बांधत नाही, पण तो वाचल्यावर माझ्या मनातलं "मी नाटक करतोय का" हे गेलं.

ताई, मरगळीबरोबर कशातच रस वाटत नाही असंही होतंय का? उत्तर इथे द्यायची गरज नाही. होत असेल तर रक्ताच्या तपासण्यांबरोबर त्याबद्दलही बोला.

तिरकस

आदर राखून सांगतो, पण आजकाल माणूस जांभई देतो आणि लोक त्याला नैराश्य चिकटवतात. थकली असेल बिचारी. दहा तास स्क्रीनसमोर बसून रंग फिकेच दिसणार.

शून्यमनस्क

@तिरकस, मी चिकटवलं नाही, विचारलं. थकवा असेल तर उत्तमच. मला कुणी विचारलं असतं तर माझं दीड वर्ष वाचलं असतं.

तिरकस

मान्य. माझं बोलणं फटकळ झालं, मागे घेतो. (स्क्रीनचा मुद्दा मात्र ठेवतो.)

डॉ_निवांत

स्क्रीनचा मुद्दा बरोबर आहे. एरवी आपण मिनिटाला १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनकडे बघताना ते प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. अश्रूंचा थर सुकतो, दिसणं मधूनच धूसर होतं, डोळे चुरचुरतात, दिव्यांभोवती पसारा दिसतो. पापण्या दोनचार वेळा नीट मिटल्यावर चित्र स्वच्छ झालं तर कोरडेपणा समजा.

रिकामी_ओंजळ

अरे बापरे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे खूप आभार.

शून्यमनस्क, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. विपू केली आहे (तुमच्या पानावर निरोप ठेवलाय).

डॉक्टर, तपासण्यांची वेळ घेतली. जाता जाता, सांजवेळ, दुपारी गच्चीत जाऊन आकाश बघितलं. दिसले! ठिपके! नवऱ्यालाही ओढत नेलं. त्याला किडे दिसत नव्हते म्हणे आजवर, आता दिसायला लागलेत आणि तो माझ्यावर चिडलाय.

अधांतरी

हे म्हणजे आपलं वाटून दुःख हलकं करणं झालं.

सांजवेळ

गंमत होत राहील, पण मूळ प्रश्न बाजूलाच पडला: थकल्यामुळे दिसतं की होतंच?

नवऱ्याच्या किड्यांनी अर्धं उत्तर दिलंय. दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांची सावली आपल्या नजरेवर जन्मल्यापासून पडलेली आहे, एखाद्या वठलेल्या झाडाच्या फांद्यांसारखी. दिसत नाही, कारण ती डोळ्याबरोबर हलते आणि जे स्थिर ते मेंदू गाळून टाकतो. बघायचीच असेल तर जाड कागदाला टाचणीने भोक पाडा, डोळ्याजवळ धरून उजळ आकाशाकडे (पुन्हा, सूर्य नको) बघा आणि भोक झपाझप गोल हलवा. सावली जागची हलते, गाळणी फसते आणि झाड दिसतं. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला असले प्रकार स्वतःच्या डोळ्यांवर करून लिहून ठेवले होते.

तीच गोष्ट राखाडी काळोखाची. पूर्ण अंधारातही दृष्टीच्या पेशी अधूनमधून आपणहून संदेश पाठवतात, म्हणून काळोख कधीच ठार काळा दिसत नाही. त्या रंगाला जर्मनमध्ये नावही आहे, आयगेनग्राउ, म्हणजे स्वतःचा राखाडी.

तेव्हा किडे, घड्याळ, काळोख हे होतंच. पापणी आणि उंबरठाचा टॉवेल हे थकव्याचं. अंधारी डॉक्टरांची. रंगांचं मला सांगता येत नाही.

मुंगूस

सांजवेळ, वाचनखूण साठवली. एकच शेपूट जोडतो: अंथरुणात पडून छताकडे बघत राहायला वेळ मिळाला की जुन्या सगळ्या गोष्टी नव्याने भेटतात. धावपळीत कोण भिंतीकडे बघतं?

आजोबा_७२

मी.

चष्मिष

आजोबा 🙏

रिकामी_ओंजळ

दोन महिन्यांनी धागा वर आणतेय, रागावू नका.

हिमोग्लोबिन ९.४ निघालं. बायकांसाठी १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, त्या हिशेबाने बरंच खाली. थायरॉईड, साखर ठीक. कारण शोधताना कळलं की पाळीत जेवढं रक्त जातं ते "सगळ्यांचंच असतं" म्हणून मी दोन वर्षं सोडून देत होते, ते सगळ्यांचं तसं नसतं. त्यावर उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. आता ११.१ आहे. जिना पुन्हा जिन्याएवढा झालाय (कासव, तुमची आठवण आली). अंधारी बंद. पापणी कधी थांबली ते लक्षातच आलं नाही. नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून आतून तपासलं, किडे निरुपद्रवी आहेत, जसेच्या तसे आहेत.

रंगांचं अजून नक्की सांगता येत नाही. परवा पाऊस पडून गेल्यावर खिडकीतून बाहेर पाहिलं तर समोरचं झाड इतकं हिरवं होतं की मी हातातलं काम ठेवून उभी राहिले. काल पुन्हा साधंच दिसलं. शून्यमनस्क म्हणाले होते त्याबद्दल बोलायला एका ठिकाणी जातेय, दोनदा जाऊन आले.

शून्यमनस्क

ताई, झाडाचं वाचून बरं वाटलं. माझंही आधी एक दिवसाआडच परत आलं होतं.

डॉ_निवांत

उत्तम. हिमोग्लोबिन १२ च्या वर गेलं तरी गोळ्या लगेच बंद करू नका, शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यानंतरही काही महिने लागतात. किती ते तुमचे डॉक्टर सांगतील.

तिरकस

आणि नवऱ्याचे किडे?

रिकामी_ओंजळ

वाढलेत म्हणतो. भिंतीपाशी उभा राहून आळीपाळीने डोळे झाकत असतो.